उतरणाऱ्यांचे चेहरे

“अहो वहिनी, ती जागची हलतसुद्धा नाही!” माझा दीर म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘ती’ म्हणजे पार्कमधली अंतराळसफर नावाची राइड. गोल इमारत, आत अंधार, चाळीस खुर्च्या आणि समोरून डोक्यावरून मागपर्यंत गेलेला पडदा. खुर्च्या जागच्या जागी जरा हिंदकळतात, बाकी सगळी धावपळ पडद्यावर. बाहेर पाटी होती: ‘सौम्य. सर्व कुटुंबासाठी.’ शेजारीच छोटी डोंगरगाडी होती, रुळांवरून वर चढणारी आणि धाडकन खाली येणारी. तिथून किंकाळ्या ऐकू येत होत्या. माझी दहा वर्षांची मुलगी अशा गाड्यांना घाबरते आणि शिवाय तिला प्रवासात लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दिराने मोठ्या मनाने डोंगरगाडी रद्द केली आणि ही निवडली. वर उपकार केल्यासारखा चेहरा करून उभा.

भीती वेगळी आणि लागणं वेगळं, हे मी या घरात बारा वर्षं सांगते आहे. भीती डोक्यात असते, तिची समजूत घालता येते. लागणं कानाच्या आत असतं, आणि कानाची समजूत कोण घालणार? डोळे म्हणतात आपण उडतोय, अंग म्हणतं आपण खुर्चीत बसलोय, आणि दोघांच्या भांडणात मार खातं ते पोट. म्हणजे जी राइड जागची हलत नाही तीच आमच्यासारख्यांना आडवं करते. पण ऐकतो कोण! आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध: काही होत नाही. पोर पांढरीफटक पडली तरी काही होत नाही.

मी शहरात बस चालवते. स्टिअरिंग हातात असेपर्यंत मला काहीच होत नाही, कारण वळण येणार हे माझ्या अंगाला आधीच ठाऊक असतं. पण दुसऱ्याच्या गाडीत मागे बसवा, अर्ध्या तासात पोट ढवळायला लागतं. यावर दिराचा ठरलेला विनोद आहे. “वहिनींना गाडी लागते, वळण लागतं, बोललेलंसुद्धा लागतं!” हो, लागतं. लागेल असंच बोलता.

गेल्या वर्षी वळणावळणाच्या रस्त्यावर माझी मुलगी त्याच्या नव्या गाडीत ओकली. तो चिडला नाही, हे खरं. हसत हसत त्याने सीट पुसली आणि पोरीचं नाव ठेवलं, कारंजं. त्याच्या दोन्ही मुलींनी ते उचललं. मग काय, जेवणाच्या टेबलावर, फोनवर, वाढदिवसाला, सगळीकडे कारंजं. कारंजं आलं, सरका. कारंज्याला खिडकी द्या. सगळे हसायचे. माझा नवराही हसायचा. मी चिडले की म्हणायचा, “अगं, साधी चेष्टा आहे, किती मनाला लावून घेतेस?”

दोन महिन्यांपूर्वी ती शाळेच्या सहलीवरून आली तेव्हा तिच्या बाहीला आंबूस वास येत होता. “बाईंना सांगितलं नाहीस?” मी विचारलं. ती म्हणाली, “तोंडात आलं होतं. मी परत गिळून टाकलं.” असं म्हणाली आणि दप्तर ठेवायला आत गेली. मी तिथेच जिन्यात उभी राहिले. ओकणं मला नवीन नाही, बस चालवते मी. पण ओकारी गिळायला शिकलेलं मूल मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माझं होतं.

त्यामुळे आज प्रश्न राइडचा नव्हताच. ही पोर स्वतःच्या तोंडाने ‘नको’ म्हणणार की सगळ्यांना खूश ठेवायला सगळं गिळत राहणार, एवढाच प्रश्न होता. आणि ती नको म्हणणार नाही हे मला दिसत होतं. रांगेच्या कठड्याला धरून ती काकाच्या बाजूने उभी होती, माझ्या नाही.

“आई, मला बसायचंय,” ती म्हणाली. “काही होत नाही.”

तिच्या तोंडून ते तीन शब्द ऐकले आणि मला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

“आधी मी बसून बघते,” मी म्हणाले.

“तुमचा निकाल आधीच लागलाय!” दीर म्हणाला. “एवढी धूड बस चालवता वहिनी, आणि सिनेमाला घाबरता?”

त्याच्या मुली फिदीफिदी हसल्या. रांगेतल्या दोघाचौघांनी वळून पाहिलं. माझी मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मी तिथून नाहीशी झाले असते तर बरं.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं. घरात वाद सुरू झाला की हा मूग गिळून बसतो, त्यामुळे मला आश्चर्यच वाटलं. “मी बसून येतो,” तो म्हणाला. “मग सांगतो कशी आहे ते.”

“तुला आयुष्यात कधी काही लागलेलं नाही. तुला काय कळणार?”

“अगं, बघतो ना,” तो म्हणाला आणि दोन्ही पुतण्यांना घेऊन आत गेला. दीर माझ्या मुलीला घेऊन पुढच्या फेरीच्या रांगेत थांबला. मी मात्र वळसा घालून इमारतीच्या मागे गेले, जिथून लोक बाहेर पडतात तिथे.

राइड कशी आहे हे चढणाऱ्यांना विचारून काय कळणार? ते आधीच हसत असतात. चेहरे उतरणाऱ्यांचे बघायचे. मी अकरा वर्षं बसच्या आरशात हेच बघत आले आहे. आधी जांभया येतात. मग माणूस उगाच आवंढे गिळायला लागतं. मग ओठांभोवती पांढरी कड येते आणि वरच्या ओठावर बारीक घाम फुटतो. घाम दिसला की माझ्याकडे साधारण दोन थांबे उरलेले असतात. तेवढ्यात मी बस बाजूला घेते आणि दार उघडते. माझ्या बसमध्ये फरशी खराब झाल्याची गोष्ट वर्षाकाठी एकदा होत असेल, फार तर.

दाराशी सफाईवाल्या बाई उभ्या होत्या. हातात पुसणं, शेजारी पाण्याने भरलेली बादली.

“ही बादली इथेच असते?” मी विचारलं.

“इथली हलवतच नाही आम्ही,” त्या म्हणाल्या. “दिवसातून पाच-सहा वेळा तरी लागते.”

“आणि डोंगरगाडीकडे?”

“तिकडे कशाला? तिकडे नुसते ओरडतात.”

मला त्या बाईंचे हात धरावेसे वाटले. पाटी लावणाऱ्यांनी यांना विचारलं असतं तर! पण पाटी लिहिणारा वर कुठेतरी थंड खोलीत बसतो आणि बादली यांच्या वाट्याला येते. मी विचारलं, “तुम्ही सांगितलं नाही कोणाला?” त्या म्हणाल्या, “सांगितलं की. ते म्हणाले, दुसरी बादली घ्या.”

दार उघडलं. फेरी बाहेर पडायला लागली. आधी मुलं, उड्या मारत. दिराच्या मुली त्यांत होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. मग मोठी माणसं. एक आजोबा भिंतीला धरून चालत होते. एक बाई डोळे मिटून नवऱ्याच्या खांद्याला टेकली होती. मी मोजत होते. चाळिसांतले नऊ जण पांढरे पडलेले, अगदी डोळ्यांत न भरणारे सोडले तरी नऊ.

दहावा माझा नवरा होता.

तो सगळ्यांत शेवटी आला. ओठांभोवती पांढरी कड, वरच्या ओठावर घाम. त्याने एक आवंढा गिळला, मग दुसरा. मग मोठी थोरली जांभई दिली, मी रोज ओळखते तशी. आणि मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हळूहळू श्वास घ्यायला लागला, नाकाने आत, तोंडाने बाहेर, सराईतासारखा. नवशिक्याला हे जमत नाही. ज्याने वर्षानुवर्षं हे लपवून केलं आहे त्यालाच जमतं.

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. गाडीत हा नेहमी पुढे बसतो, “मी रस्ता सांगतो” म्हणून. पुढे जागा नसली की डोळे मिटून घेतो. “दादा काय, गाडी सुरू झाली की घोरायला लागतो,” असं दीर म्हणायचा आणि आम्ही हसायचो. प्रवासाच्या दिवशी याला भूक नसते. याच्या जांभयांना मी कंटाळा समजत आले. मला अकरा वर्षं अनोळखी माणसांचे ओठ वाचता आले आणि बारा वर्षं शेजारी झोपणाऱ्याचे नाही आले. मला माझाच इतका राग आला की क्षणभर त्याचा यायचा राहून गेला.

पण तो उशीर त्यानेच भरून काढला. त्याने रुमालाने तोंड पुसलं, वळला आणि मला पाहिलं.

“आत फार गरम होतं गं,” तो म्हणाला.

तो पुढे निघाला, मी मागे. रांगेच्या कठड्यापाशी आलो. दार उघडायची वेळ झाली होती. मुलगी उभ्या उभ्या टाचा वर करून बघत होती.

“बाबा, कसं होतं?”

मी त्याच्याकडे पाहत होते. माझी खात्री होती की आता तरी हा सांगेल. स्वतःचं नाही तर नाही, निदान ‘राहू दे’ म्हणेल.

“मस्त,” तो म्हणाला. “जा तू. काही होत नाही.”

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला कठड्याला भिडवून उभं केलं. “तिच्या डोळ्यांत बघून सांग,” मी म्हणाले. “ओठावरचा घाम न पुसता सांग. हात गार पडलेत तुझे. भिंतीकडे तोंड करून काय करत होतास? श्वास मोजत होतास?”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत! पोर सहलीच्या बसमध्ये ओकारी गिळते, आणि तू उभ्या उभ्या तिला खोटं सांगतोस? तिला लागतं म्हणून माझ्या नावाने बोटं मोडत होता ना सगळे? माझ्यावर गेली म्हणे!”

“वहिनी, काय तमाशा लावलाय?” दीर म्हणाला. “दादाला कुठे काही—” आणि मग त्याने दादाकडे नीट पाहिलं.

मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती.

“बाबा, तुला पण लागतं?”

आतल्या माणसाने दार उघडलं, रांग सरकायला लागली, मागच्यांनी धक्के द्यायला सुरुवात केली.

“लागतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तुझ्याएवढा होतो तेव्हापासून.”

मला वाटलं, आता ती त्याच्या गळ्यात पडेल. आपल्यासारखंच आणखी कोणी आहे म्हणून तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा लाल झाला. तिला राग आलेला मी आधी पाहिला होता, पण असा नाही.

“मग माझ्यावर सगळे हसायचे तेव्हा तू का हसायचास?”

काकाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओढूनताणून हसत म्हणाला, “चल चल, आपला नंबर आला. घरी गेल्यावर भांडू.” तिने खांदा झटकला आणि कठड्याखालून वाकून बाहेर आली.

“मी नाही बसणार, काका,” ती म्हणाली. “मला लागतं.” आवाज एवढा मोठा होता की अर्ध्या रांगेने ऐकलं. “आणि तुम्ही मला परत त्या नावाने हाक मारायची नाही.”

दीर रांगेतून बाजूला झाला. त्याच्या मुली जमिनीकडे बघत होत्या. माझी मुलगी तरातरा चालत झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला पाठ आहे. बापलेकीत काही बिनसलं की तो असा बघतो आणि मी मध्ये पडते, तिला समजावते, त्याच्या वतीने दोन शब्द गोड बोलते. असं करून करून मीच त्याला इतका सुखात ठेवला होता.

“माझ्याकडे बघू नकोस,” मी म्हणाले. “तिने तुला विचारलंय.”

तो गेला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मीही मागे जाऊन उभी राहिले, कारण या खेपेला तो काय सांगतो ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. तो बुटांकडे बघत होता.

“सगळे तुझ्यावर हसत असले,” तो शेवटी म्हणाला, “की माझ्याकडे कोणी बघत नसे.”

एवढं खरं तो माझ्याशीही कधी बोलला नव्हता. ते ऐकून माझा राग निवायला हवा होता. उलट तो वाढला.

मुलीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“मी नऊ वर्षांची होते, बाबा,” ती म्हणाली.