मतपत्रिकेची मागची बाजू

मी चोंबडी आहे. गावात कुणालाही विचारा, आर्डिस म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघणारी बाई. आणि अशा बाईला दर निवडणुकीत चर्चच्या तळघरात मतपत्रिका वाटायला बसवतात! बघायचं नाही, विचारायचं नाही. शिक्षाच म्हणायची.

यंदा तर जीव टांगणीला लागला होता. शाळा मंडळाची जागा एक, उमेदवार दोन. ड्वेन हाउगेनचं म्हणणं, ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत जन्माच्याच नावाने हाक मारायची, बाकीचे लाड बंद. कॅरोल ओस्बी म्हणायची, पोरांना सुखाने शिकू द्या. आमच्या गावात अशी पोर एकच, माझ्या समोरच्या घरातली इंग्रिड. पाचवीत असताना तिने जन्माचं नाव सोडून स्वतःला आजीचं नाव लावलं आणि तेव्हापासून ती मान वर करून चालायला लागली. आता नववीत आहे, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, माझ्या दारातला बर्फ न सांगता काढते. फार लाघवी पोर. तिची आई टेस मला म्हणाली, "ड्वेन आला तर आम्ही शहरात जाऊ, आर्डिस. पोरीचे असे हाल मला बघवणार नाहीत."

मला खरं कुतूहल होतं ते व्हर्लिनचं. तो माझा शेजारी, शाळेची पिवळी बस चालवतो. इंग्रिडची बालवाडीपासून त्यानेच ने-आण केली. पण ड्वेन म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ. व्हर्लिनच्या अंगणात ड्वेनच्या प्रचाराची पाटी होती, ती त्या बायकोने, लव्हॉनने ठोकलेली. इंग्रिडला तो जुन्या नावानेही हाक मारत नसे आणि नव्यानेही. नुसतं "चला, चढा."

सकाळची फेरी आटपून व्हर्लिन मत द्यायला आला. शाळा मंडळाचं मत कागदाच्या मागच्या बाजूला होतं, आणि आमची अर्धी मंडळी कागद उलटायला विसरतात. व्हर्लिन तर दरवर्षीच. पुढची बाजू भरायची, कॉफी प्यायची, चालू पडायचं. म्हणून प्रत्येकाला आठवण करून देणं आमचं काम.

गप्प बसले असते, तर ड्वेनचं एक मत कमी झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. टेसचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण सगळ्यांना सांगायचं आणि त्यालाच नाही, हे काही मनाला पटेना.

"व्हर्लिन, कागद उलटायला विसरू नकोस."

"मागे काय आहे?"

"शाळा मंडळ."

"हं," म्हणाला आणि आडोशाला गेला. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

थोड्या वेळाने परत आला. "चुकलं. दुसरी दे."

"काय चुकलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आर्डिस, नाक आवर."

चुकलेली मतपत्रिका न बघता पाकिटात बंद करायची असते. त्याने घडी अर्धवटच घातली होती. अंगठा जरा सरकवला असता तर सगळं दिसलं असतं. अहो, हात शिवशिवत होते माझे! पण पाकीट चिकटवलं. दुसऱ्या वेळी तो आत इतका वेळ बसला की माझी कॉफी गार झाली. मग कागद मतमोजणीच्या यंत्रात सरकवून, टेबलावरची लिंबाची एक वडी तोंडात टाकून निघून गेला.

कॅरोल निवडून आली. एका मताने! टेस फोनवर हसत होती की रडत होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हॉन अंगणातली पाटी उपटत होती. मी कुंपणापाशी गेलेच.

"आमच्या घरची दोन्ही मतं दादालाच पडली हो!" न विचारताच ती म्हणाली. "कुण्या घरभेद्याने घात केला, कोण जाणे."

तेवढ्यात बस आली. समोर इंग्रिड तिच्या दारात घुटमळत उभी होती, पायरी उतरेना. कालच्या निकालावर तिचा अजून विश्वास बसला नसावा. व्हर्लिन कुणासाठी थांबत नाही, नगराध्यक्षाच्या लेकीलाही मागे टाकून गेलाय. आज मात्र त्याने बस थांबवली, दार उघडलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"इंग्रिड! चल गं, उशीर होतोय!"

पोर ट्रॉम्बोनची पेटी सावरत धावत सुटली. लव्हॉन हातात पाटी धरून तशीच उभी राहिली. मी तिला काहीएक विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच.