आठ कच्चे कप

जळकी मोटार कुंडलिक नानांच्या हातात दिली की दुसऱ्या दिवशी ती गुणगुणत परत जायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली. टॉवेलवाले, चादरवाले, सगळे त्यांच्याच गाळ्यावर. असा माणूस, आणि पोटच्या पोरीची एक भट्टी त्याच्याकडनं चालू होईना. होईना कसलं, त्यानं तिला हातच लावला नाही. जे खरं ते सांगावं.

वैष्णवी त्यांची एकुलती एक. पुण्याला जाऊन मातीची भांडी करायला शिकून आली. लोकांनी नावं ठेवली, मराठ्याची पोर कुंभारकाम करती म्हणून. तिनं ती या कानानं ऐकली, त्या कानानं सोडून दिली. अकलूजच्या एका शाळेनं हस्तकलेचा वर्ग बंद केला, तेव्हा तिथली विजेची भट्टी तिनं भंगारातनं उचलली आणि टेम्पोत घालून थेट बापाच्या गाळ्यात आणून उतरवली. कपाटाएवढी लोखंडी पेटी. आत पांढऱ्या विटा, विटांच्या खाचांतनं फिरवलेली कॉइल. कॉइल सात ठिकाणी तुटलेली आणि आत उंदरांनी संसार थाटलेला.

"नाना, तुमच्यासाठी हे दोन दिवसांचं काम आहे," ती म्हणाली.

"बघू की. एवढा सीझन सरू दे."

सीझन सरला, दुसरा लागला. वैष्णवी दर चार दिवसांनी आठवण करायची, आणि नाना म्हणायचे, "दिवाळीनंतर नक्की." परक्याची मोटार रात्रीत भरून देणारा माणूस आठ महिन्यांत घरच्या कामाला सापडला नाही. घरचं काम कुठं पळून जातंय, असंच वाटत असतं आपल्याला!

ती मात्र थांबली नाही. घरामागच्या पडवीत बसून तिनं नऊ कप केले. कपाला कान नाही. त्याऐवजी पोटावर अंगठा दाबून एक खळगा केलेला, धरायला. तिच्या अंगठ्याच्या बारीक रेघा त्या खळग्यात जशाच्या तशा उठल्या होत्या. कप वाळले आणि भट्टीची वाट बघत फळीवर बसले. भाजल्याशिवाय त्यात चहा ओतला तर कपाचा चिखल व्हायचा.

नवरात्रात तिला डेंग्यूचा ताप आला आणि सहाव्या दिवशी पोर गेली. पंचवीस वर्षांची. दिवाळी यायची तशी आली.

नानांची बायको वैजयंती त्यानंतर फारशी बोलायची नाही. सकाळी अंघोळ झाली की ती फळीपाशी जायची, एक कप उचलायची, त्या खळग्यात आपला अंगठा ठेवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. रोज एकेक कप. नाना दारातनं बघायचे आणि चप्पल घालून गाळ्यावर जायचे. त्यांना तिथं उभं राहवायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात हवा सर्द झाली आणि एका सकाळी कपाचा काठ वैजयंतीच्या हातात भुगा होऊन आला. ती तशीच मूठ मिटून नानांपुढं उभी राहिली.

"अवं, ही कच्ची माती हाय. अशीच सगळी जानार. तिचा हात जानार. तेवडी भट्टी पेटवा. मला दुसरं काय बी नको."

नानांनी त्याच दिवशी मागवाल्यांना सांगून टाकलं, महिनाभर मोटार आणू नका म्हणून. भट्टी उघडली, उंदरांचं घर काढलं, भेगाळलेल्या विटा बदलल्या. जाड तार आणून सळईवर गुंडाळत नवी कॉइल केली. विजेचं त्यांना सगळं ठाऊक. मातीचं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्यांनी कुंभार वेशीजवळच्या नागव्वाला बोलावलं. सत्तरीची बाई, अर्धं कानडी बोलणारी, जन्म माठ आणि पणत्या करण्यात गेलेला. तिनं भट्टीभोवती एक फेरी मारली आणि पेटीवर थाप दिली.

"अय्यो, ह्ये तर गोदरेजचं कपाट हाय की रे कुंडलिकप्पा! धूर कुटनं जातंय?"

"धूरच होत नाही अव्वा, वीज आहे."

"बिनधुराचं जाळ! मग मला कशाला बलावलास?"

पण कप हातात घेतल्यावर तिची थट्टा थांबली. "माझ्या आव्यात टाकू नको," ती म्हणाली. "शेणी-भुशाचं जाळ, दहातले दोन फुटतातच. ह्ये पोरीचं काम हाय. फुटायला नको."

पहिली चाचणी रिकाम्या भट्टीवर घेतली. तासाभरात ठिणगी उडाली आणि सगळं थंड. नानांनी मोटारीच्या सवयीनं तारेच्या जोडाला डाख दिला होता. भट्टीच्या धगीत तो लोण्यागत वितळून गेला. नागव्वा पदर तोंडाला लावून हसली. नानाही स्वतःवर वैतागून हसले. हात शहाणे झाले की डोकं विचारत नाही, दुसरं काय! जोड पीळ देऊन नीट केला. पुढच्या खेपेला भट्टी आत नारिंगी होईपर्यंत तापली. नाना दाराच्या भोकातनं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. पोरीनं दोन दिवसांचं काम म्हटलं होतं. बावीस दिवस लागले होते, पण झालं होतं. तेव्हा केलं असतं तर तेव्हाही झालं असतं.

मंगळवारी त्यांनी उरलेले आठही कप घरनं गाळ्यात आणले, मांडीवर टोपली घेऊन, रिक्षावाल्याला "हळू, हळू" करत.

आता नानांचा एक नेम होता. कुठलीही वस्तू धगीला लावायची तर आधी स्वच्छ करायची. मोटार भरून वॉर्निश देऊन ओव्हनमध्ये ठेवण्याआधी ते धुळीचा कण राहू देत नसत. आत कण राहिला तर मोटार महिन्यात परत. तीस वर्षं हेच. कपांवर वर्षाची धूळ होती, पावसाळी हवेनं चिकटून बसलेली. फुंकून जाईना, ब्रशनं जाईना. मग त्यांनी बादलीत पाणी घेतलं, मऊ सुती चिंधी भिजवून घट्ट पिळली आणि एकेक कप पुसायला घेतला. किती जपून म्हणून सांगू! तान्ह्या लेकराचं तोंड पुसावं तसा. खळग्यात रोज बोट लागून धूळ जास्तच घट्ट बसली होती, म्हणून तिथं चिंधी दोन-दोनदा फिरवली. बादलीतलं पाणी लाल झालं तेव्हा त्यांना समाधानच वाटलं. एवढी घाण होती तर, असं म्हणत त्यांनी पाणी दारापुढं ओतून टाकलं.

संध्याकाळी नागव्वा आली. तिनं एक कप गालाला लावला आणि दचकली.

"गार लागतंय. पाणी लावलास काय रे?"

"थोडं पुसलंय फक्त."

"आत वल राहिलं की जाळात कप फुटतंय! दोन दिस हात लावू नको. गालाला गार लागायचं बंद झालं की मग पेटव."

नानांनी चिंधी उचलून लांब फेकली. आपण पोरीचे कप फोडणार होतो! दोन दिवस ते तासातासाला कप गालाला लावून बघत होते. गुरुवारी सांजेला माती ऊबदार लागली. शुक्रवारी पहाटे त्यांनी भट्टी भरली आणि नागव्वानं सांगितलं तशी हळूहळू चढवली, दिवसभर. कानात जीव आणून बसले होते, आत काही फुटल्याचा आवाज येतो का म्हणून. एकही आवाज आला नाही.

शनिवारी दुपारी भट्टी निवली तेव्हा वैजयंती गाळ्यात आली. वर्षात पहिल्यांदा तिनं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. थर्मासमध्ये चहा भरून आणला होता. नानांनी दार उघडलं. आठही कप धडधाकट, भाजून केशरी झालेले. वैजयंतीनं एक उचलून टिचकी मारली. टण्णकन वाजला.

"झाला की वो!" ती म्हणाली आणि हसली. नानांना वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल.

मग तिचा अंगठा खळग्यात गेला. तिथंच जरा थांबला, मागंपुढं फिरला. तिनं तो कप ठेवून दुसरा घेतला. तिसरा घेतला. चौथा उजेडात नेऊन डोळ्यांजवळ धरला.

"अवं, रेगा कुटं गेल्या?"

"कसल्या रेघा?"

"तिच्या बोटाच्या. ह्यो नुसता खड्डा राह्यलाय."

नानांनी कप घेतला. खळगा होता. आत गुळगुळीत, काचेसारखा. ती चिंधी आणि ते लाल पाणी त्यांना आठवलं. आगीनं गेल्या असतील, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तिनं मानलंही असतं. पण आयुष्यभर फसवी मोटार कुणाला दिली नव्हती, आता बायकोला काय देणार?

"मी पुसल्या," ते म्हणाले. "धूळ होती म्हणून. ओल्या चिंधीनं. वैजू, मला कळलंच नाही गं."

तिनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"ते पानी कुटं टाकलंत?"

"दारापुढं. गटारीत."

वैजयंती बाहेर गेली. गटारीतनं रंगाऱ्याच्या कारखान्याचं निळं पाणी वाहत होतं. ती काठावर बसली. नाना मागं जाऊन उभे राहिले आणि लहान पोरागत हुंदके देऊन रडायला लागले. तिनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"कंच्या दिशी टाकलं?" तिनं विचारलं.

"मंगळवारी."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"मंजी लई लांब गेलं आसंल," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "व्हय."