कासराभर दिवस

गंधाली आली आणि मंठ्याच्या त्या दवाखान्यात अंगदला कुणी विचारेनासं झालं. अकरा वर्षं लॅब त्यानं सांभाळली होती, पण डॉक्टरांच्या तोंडी आता उठता-बसता एकच, "गंधालीला विचारा." पोरगी पुण्याची, डिग्रीवाली, आणि वर त्याला अदबीनं "दादा" म्हणायची. त्यानं तर त्याचा आणखीच जळफळाट व्हायचा. एकदा तरी ही तोंडावर आपटावी, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या दिवशी सकाळी नऊला झुंबरबाई नवऱ्याला, कचरूला, धरधरून घेऊन आल्या. त्याच्या छातीत दुखत होतं.

"कधीपासून, काका?" फॉर्म भरता भरता गंधालीनं विचारलं.

"कासराभर दिवस वर आल्ता, तव्हापासून," कचरू धापा टाकत म्हणाला.

तिला ऐकू आलं 'काल रात्रभर'. तेच तिनं लिहिलं. अंगद शेजारीच उभा होता. सूर्य उगवून बैलाच्या कासऱ्याएवढा वर येतो ती वेळ साडेसातची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे दुखणं अवघ्या दीड तासाचं.

आणि सगळी गोम तिथंच होती. ट्रोपोनिन हे प्रथिन हृदयाच्या स्नायूत, पेशीच्या आत असतं. रक्त अडून पेशी मेली, तिचं आवरण फाटलं, की ते पाझरत रक्तात उतरतं. पण तपासणीत सापडण्याइतकं उतरायला काही तास जातात. कचरूच्या रक्ताचा थेंब टाकला त्या तपासणीच्या कार्डावर एकच रेघ उमटली, म्हणजे रिपोर्ट साफ. रात्रभर दुखून साफ आला असता तर काळजी नव्हती. दीड तासात साफ आला, याला काही अर्थच नव्हता.

अंगद गप्प बसला. पडू दे उघडी, तो मनात म्हणाला.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, ईसीजी पाहिला, त्यातही काही दिसलं नाही; पित्त म्हणून गोळ्या दिल्या. झुंबरबाईंनी निघताना अंगदला हात जोडले. "लई घाबरल्ते बघा, भाऊ. बरं झालं, काई न्हाई निघालं."

ते जोडलेले हात त्याला सोसवेनात. पाच-दहा मिनिटं तो नुसता टेबल पुसत राहिला आणि मग चौकाकडं पळत सुटला. काळीपिवळी जीप सुटायच्या बेतात होती.

"काकू, उतरा जल्दी! रक्त पुन्हा बघावं लागतं."

परत आल्यावर त्यानं डॉक्टरांना 'कासराभर दिवस' म्हणजे काय ते सांगितलं. साडेबाराला नव्या कार्डावर दुसरी रेघही उमटली, हृदयाचाच झटका होता. कचरूला ॲम्ब्युलन्सनं जालन्याला हलवलं. डॉक्टरांनी चारचौघांत अंगदची पाठ थोपटली.

सगळे पांगल्यावर गंधाली त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. "दादा, तो शब्द तुम्हाला माहीत होता. मग तेव्हाच का नाही बोललात?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"तुम्ही चुकावं म्हणून," अंगद म्हणाला.