तीन रविवार

"बाबा, आज चोळू नका. नुसता लेप लावा," नूतन म्हणाली.

गेनूबाबांनी तेलाची वाटी बाजूला सारली. कामथडीत त्यांच्या ओट्यावर दर रविवारी लचकलेली, मुरगळलेली, निखळलेली माणसं येत. चाळीस वर्षांत बाबांनी एका नारळापलीकडे कुणाकडून काही घेतलं नव्हतं आणि ओट्यावरून कुणाला माघारी पाठवलं नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. नूतन वेल्ह्याकडच्या अमृतची मुलगी, सोळा वर्षांची. शाळेत कबड्डी खेळताना पडली, तेव्हापासून पाय दुखत होता. ओट्यावरचा हा तिचा तिसरा रविवार.

बाबांनी गुडघ्याच्या वर हात ठेवला. कातडी गरम लागली. मुरगळीची सूज दाबली की दबते. ही हाडालाच धरून होती, दगडासारखी.

"रातीला कसं असतंय?"

"रातीच लई ठणकतं. पडून ऱ्हायलं तरी. झोप न्हाई लागत."

लचकलेला पाय विसावला की शांत होतो, हे बाबांना कुणी शिकवायला नको होतं.

"अमृत, हिला उद्या भोरला न्यायचं. फोटू काढायचा."

"कशापायी?" अमृत म्हणाला. "माजा खांदा तुमीच बसिवला, आईचं मनगट तुमीच. तुमचा हात हाय की."

"ह्ये माज्या हातचं न्हाई. मीबी येतो संगं."

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर नीरजा यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग नूतनला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"याआधी कुणाला दाखवलं होतं? पाय कुणी चोळलाय का?"

"न्हाई," अमृत घाईने म्हणाला. "कुणी न्हाई."

तो बाबांना सांभाळून घेत होता. बाबा गप्प बसले असते, तर तिथंच मिटलं असतं. त्यांना तसा मोहही झाला.

"म्या चोळलाय," ते म्हणाले. "दोन रविवार. काल न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावतील असं बाबांना वाटलं होतं. त्यांनी पेन उचललं.

"पहिल्यांदा सूज केवढी होती, आठवतं?"

बाबांनी दोन बोटांत माप धरलं. "पयल्या रविवारी सुपारीएवढी. मग आवळ्याएवढी. काल लिंबाएवढी."

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. पुण्याच्या डॉक्टरांना याचा उपयोग होईल म्हणाल्या. लिहिता लिहिता त्या थांबल्या.

"म्हणजे पहिल्याच दिवशी गाठ हाताला लागली होती?"

"व्हय."

"मग तेव्हाच का नाही पाठवलं?"

बाबांनी अमृतकडे पाहिलं नाही. "ही मुरगळ न्हाई, ह्ये तवाच कळलं हुतं. पर माज्या वट्यावरनं आजवर कुणी माघारी गेलं न्हाई. म्हून बोललो न्हाई."

अमृत हळूच खुर्चीवर टेकला. बाई त्याला समजावून सांगू लागल्या. हाडाचा कॅन्सर असू शकतो. क्वचितच होतो, पण झाला तर बहुधा याच वयात आणि गुडघ्याजवळ. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आजच पुण्याला जायचं. पाय वाचेल का, हे आत्ता विचारू नका. आणि आता त्या पायाला कुणी चोळायचं नाही.

"पंधरा दिसांनी लई फरक पडतो का, बाई?" अमृतने विचारलं.

"पडू शकतो," बाई म्हणाल्या.

एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. ती कामथडीवरूनच जाते, तेव्हा बाबाही तिकडे निघाले. पायरीवर पाय टाकताना नूतन कळवळली, तसे बाबा आधार द्यायला पुढे झाले. अमृत मध्ये आला. त्याने पोरीला दोन्ही हातांनी उचलून आत नेलं, बसवलं आणि दारात परत आला.

"बाबा, तुमी मागल्या गाडीनं या."

एवढंच. चाळीस वर्षांत बाबांना असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि यात अमृतचं काही चुकलं असंही त्यांना वाटेना. ते दोन पावलं मागे सरकले.

गाडी वळली तेव्हा नूतनने खिडकीतून त्यांना हसून हात केला. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.