सहा वाजताचा अबोला

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी देवाशी अबोला धरला, तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरले ती मी. कारण बोलणं काय असतं ते मी त्यांच्याकडेच पाहिलं होतं.

त्यांचं शिवणाचं दुकान आमच्या शेजारीच, एका खोलीचं. कोट शिवावेत तर त्यांनीच. कॉलर अशी बसायची की माणूस आपोआप ताठ चालायला लागे. रोज सकाळी सहाला, गिऱ्हाइकं यायच्या आधी, त्या कापायच्या टेबलाशी बसून प्रभूशी बोलत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आत पाहुणे आलेत. "या बाईंचं माप दोनदा घेतलं तरी खांद्याला चुकलंच बघ. आणि काल मी त्यांना नको ते बोलले. आज त्या आल्या की मला जरा आवर." मध्येच हसायच्या, मध्येच गप्प होऊन ऐकायच्या. मी आत डोकावले तर खोलीत त्या एकट्याच, गळ्यात माप घ्यायची टेप.

आता माझं ऐका. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करायचं काम माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे शब्दांची कमी नाही. चांगली वाक्यं सुचली की वहीत उतरवून ठेवायची आणि रविवारी घडाघडा म्हणायची. पाळकसाहेब खूश, लोक खूश. नवरा मात्र म्हणायचा, "तुझ्या आमेनची लोक बसची वाट बघावी तशी वाट बघतात." मी रागवायचे. त्याचं म्हणणं खरं असावं, अशी शंका मलाही होतीच.

मग जाऊबाई आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण उजवा हात थरथरायचा तो थांबेना. खडूची रेघ सरळ येईना, सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हा हात आता असाच राहणार. त्यांनी महिनाभर देवाकडे आपला हात परत मागितला. मिळाला नाही. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "मी आता त्याच्याशी बोलत नाही." तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

तीन महिने झाले. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंचा विश्वास उडाला की काय? तुम्ही जरा समजवा." वहीतली दोन-चार ठेवणीतली वाक्यं घोळवत मी पहाटेच दुकानात गेले. बघते तर काय, सहाच्या ठोक्याला त्या टेबलाशी हजर! नेहमीचं स्टूल, नेहमीची जागा. फक्त हाताची घडी आणि ओठ घट्ट मिटलेले.

साडेसहाला उठल्या तेव्हा मी विचारलं, "ताई, बोलायचं नाही तर बसता कशाला?"

"अबोला धरलाय, घर सोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आमची वेळ ठरलेली आहे. तो आला आणि मी नसले तर?"

अशा भरवशानं मी देवासाठी एकदाही बसले नव्हते. रागातसुद्धा ही बाई माझ्यापेक्षा त्याच्या जवळ होती. मला त्यांचा हेवा वाटला, आणि काळजीही. हा अबोला असाच राहिला तर त्या आतून वाळून जातील, हे मला दिसत होतं.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे पुढे उभी राहिले. वही उघडली. समोर चौथ्या बाकावर जाऊबाई गीतांच्या पुस्तकाचं पान उलटायला बघत होत्या. पान निसटत होतं. पुन्हा निसटलं. शेवटी त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं पान उलटलं. माझं डोकंच फिरलं.

"देवा," मी म्हणाले, "हे काही बरं केलं नाहीस तू. जाऊबाईंचा हाच हात काढून घ्यायचा होता? इतकी वर्षं तुझ्याशी बोलणारं माणूस, आणि त्याची ही किंमत? मला तर वाटतं, तू ऐकतच नाहीस."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. आणि चौथ्या बाकावरून खणखणीत आवाज आला.

"ए धाकटे, पुरे! त्याला असं बोलायचं काम नाही."

जाऊबाई उभ्या होत्या. रागानं लाल.

"हात माझा, भांडण माझं. तू कोण मध्ये पडणारी? म्हणे ऐकत नाही! रोज सहाला येऊन बसतो तो. मीच तोंड उघडत नाही, त्याला तो काय करणार?"

एवढं बोलून त्या थबकल्या. आपण कोणाची बाजू घेतली हे बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. हळूच खाली बसल्या, पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं "आमेन" म्हणून टाकलं. मी खाली मान घालून जागेवर आले. मागून नवरा कुजबुजला, "आज कोणी बसची वाट बघितली नाही हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला निघाले. दुकानाचं दार लोटलेलं होतं, आणि आतून आवाज येत होता. तीन महिन्यांचं तुंबलेलं सगळं एका दमात चाललं होतं. मी कडीला लावलेला हात काढून घेतला.

"...हात तसाच आहे, ते मी विसरलेले नाही हं. डाव्या हातानं रेघ मारून बघितली काल, सापासारखी वाकडी आली. आता तूच शिकव." मग बराच वेळ शांतता. मग हसणं. "आणि धाकटीचं मनावर घेऊ नकोस. फटकळ आहे. पण इतकी वर्षं तुझ्याविषयी बोलायची, काल पहिल्यांदाच तुझ्याशी बोलली."

मी दार न वाजवताच परत आले. घरात अजून कोणी उठलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसले. वही समोरच्या फळीवर होती, ती घेतली नाही. बोलायला काहीच सुचेना. शेवटी म्हणाले, "उशीर झाला मला."