गरम इंजिन

धाकट्या भावाच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी टर्बो इंजिन बघायला ताई सोबत गेली, कारण त्याच्या हिशेबावर तिचा भरवसा नव्हता. त्या हिशेबात क्लच होता, रेडिएटर होता, मोठे ब्रेकही होते. पण इंजिनच खराब निघालं तर काय, यासाठी एक पैसाही शिल्लक नव्हता.

जुन्या इंजिनांचा व्यापारी इंजिन सुरू करायचं बटण दाबणार, तेवढ्यात तिने इंजिनावर तळहात टेकवला. लोखंड चांगलंच गरम होतं.

"आज कुणी चालवलं होतं का?"

"छे हो. तुमच्यासाठी कालपासून झाकून ठेवलंय."

कुठेतरी पाणी मुरत होतं. इंजिनाची झीज दिसते ती गार असताना, पहिल्या धुरात. एकदा तापलं की तेच इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाणं वागतं.

"मग पूर्ण गार होऊ द्या. आम्ही थांबतो."

"अहो ताई, संध्याकाळ होईल."

"होऊ द्या." ती बाजूच्या टायरांच्या चळतीवर जाऊन बसली.

भाऊ ओशाळला. "हिला भेंडीसुद्धा मोडून बघायची सवय आहे," तो व्यापाऱ्याला म्हणाला आणि खिशातलं पाकीट काढू लागला.

व्यापारी हसला. "बरं, वीस टक्के कमी द्या. पण आत्ताच उचला."

घासाघीस तर कुणी केलीच नव्हती. भावाचा हात खिशातच थांबला. इंजिनाकडे एकवार बघून तो टायरांच्या चळतीवर ताईशेजारी जाऊन बसला.

"गार होऊ द्याच," तो म्हणाला.