घरापुरता आवाज

विजेवरची गिटार विजेशिवाय वाजवली तर वाजते, नाही असं नाही. पण ती ऐकू येते फक्त मांडीवर घेणाऱ्याला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, कुणीतरी रिकामटेकडं बसून कंगव्याच्या दातांवरून नख फिरवतंय.

तिने लग्नानंतरची सगळी वर्षं गिटार अशीच वाजवली. त्याआधी तिच्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारा चांगला कमरेएवढा ॲम्प होता. ती, तिची चुलतबहीण आणि दोन मैत्रिणी अशा चौघी मिळून लोकांच्या समारंभांत वाजवायच्या. मानधन म्हणजे जेवण आणि टाळ्या, त्यातही जेवण कधीकधी गार. लग्न झालं आणि दोन भाड्याच्या खोल्यांत तो ॲम्प येऊन उभा राहिला तेव्हा त्याला ठेवायला जागा नव्हती. भिंती तर अशा, की पलीकडच्याने शिंक दिली तर अलीकडच्याने रुमाल काढावा. नवरा म्हणाला, "अगं, शेजारी काय म्हणतील?" शेजाऱ्यांनी तोंड उघडायच्या आतच ॲम्प विकला गेला. नवरा काही रागाने बोलला नव्हता आणि तिनेही रुसून विकला नव्हता. बरेचसे संसार असेच चालतात, कुणी कुणाचा गळा दाबत नाही, नुसता आवाज कमी करायला सांगतात. गिटार मात्र तिने ठेवली.

पुढे स्वतःचं घर झालं, भिंती जाड मिळाल्या. मुलगी झाली, वाढली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. तिची खोली रिकामी पडली. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे ती दिवसभर कवळ्या करायची. लोकांचे खायचे आणि दाखवायचे दोन्ही दात एकाच मेणात बसवायचे, मग घासून गुळगुळीत करायचे, असं ते काम. संध्याकाळी घरी आली की नखांतलं प्लास्टर घासून काढायची, मुलीच्या खोलीत जाऊन दार लोटायची आणि गिटार घ्यायची.

बहुतेक वेळा एकच चाल वाजवायची. ती तिनेच बांधली होती, लग्नाच्या आधी. पण बसवून होईपर्यंत चौघींच्या चार वाटा झाल्या आणि चाल कुणासमोर वाजलीच नाही. तिच्यात मधोमध एक सूर होता, तो लांबवायचा होता. तार छेडायची आणि मग काहीच करायचं नाही, सूर आपला आपण तरंगत राहायला हवा, अगदी विरत आला की पुढचा घ्यायचा. आता विजेशिवाय छेडलेली तार जागच्या जागी मरते. तेवढी जागा ती मनातल्या मनात ऐकायची. मनात तो सूर फार सुंदर लागायचा.

तिला तो एकदा कानांनी ऐकायचा होता. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याने ऐकायला हवा होता. हे दुसरं ती स्वतःपाशीही कबूल करत नसे. केस पिकल्यावर नवऱ्याकडे दाद मागायला जायचं म्हणजे आपलंच हसं करून घ्यायचं. पण हवं होतं ते हवंच होतं, आणि वर्षं गेली म्हणून ते हवंसं वाटणं काही कमी झालं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, दोरांची आणि चाकांची कुरकुर ऐकायची आणि बिघाड कुठे आहे ते ओळखायचं. घरी आला की बूट काढता काढता म्हणायचा, "आता मला काही ऐकवू नका. कान दाराबाहेर काढून ठेवलेत." मग पेपर उघडून बसायचा. सकाळचाच पेपर संध्याकाळीही तितक्याच भक्तीने वाचणारा माणूस. लोटलेल्या दाराकडे त्याने कधी मान वळवून बघितलेलं तिला आठवत नव्हतं.

म्हणून एका सुट्टीच्या सकाळी तो स्वतःहून बोलला तेव्हा तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, त्या गिटारला आवाज देणारं ते खोकं असतं ना, ते घेऊन टाक की एक. आता कोण बोलणारंय आपल्याला?"

"खरंच म्हणताय?"

"मग काय गंमत करतोय? आणि हल्ली म्हणे ते कानाला लावूनही ऐकता येतं. म्हणजे कुणाला त्रासच नको."

उडी मारून वर आलेला तिचा जीव पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

दुकानात ती आपली गिटार घेऊन गेली, नवराही बरोबर आला. विक्रेता उंच, दाढी राखलेला आणि डोक्यावर व्यवस्थित अंबाडा घातलेला. नवऱ्याची नजर त्या अंबाड्यावरून हलेना, शेवटी तिने कोपर मारलं.

"घरीच वाजवायचंय ना ताई?" अंबाडेवाला म्हणाला. "मग मोठ्याच्या नादाला लागू नका. मोठा ॲम्प घरात हळू करून ठेवला की मरगळतो, त्यात मजा नाही. लहान घ्या आणि त्याला जरा मोकळेपणाने बोलू द्या. घरापुरता आवाज बास."

त्याने तीन ॲम्प समोर मांडले. एक जेवणाच्या डब्याएवढा, सेलवर चालणारा, खेळण्यातला वाटावा असा. दुसऱ्यावर दिव्यांची आरास, आत नाना तऱ्हेचे तयार आवाज साठवलेले, फोनला जोडा आणि हवा तो काढा. तिसरा साधा, काळा, लाकडी पेटीचा, पुढे चार बटणं आणि बाकी काही नाही.

"आणि तिन्हींना हेडफोन लागतो," अंबाडेवाला म्हणाला.

"हां, हे महत्त्वाचं," नवरा म्हणाला. दुकानात शिरल्यापासून त्याला कळलेली ही पहिली गोष्ट होती. मग दोघं बराच वेळ हेडफोनवरच बोलत राहिले, कुठला चांगला, कुठल्याने कान दुखत नाहीत. तिच्या गिटारकडे कुणी बघितलं नाही, पण ती कुणाला ऐकू कशी येणार नाही याची काळजी दोघांनी अगदी मनापासून घेतली.

"एकदा वाजवून तर बघू दे," ती म्हणाली.

तिसऱ्या ॲम्पला वायर जोडली. तिने चालीची सुरुवात छेडली आणि भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज आला. ती दचकली. तरी पुढे गेली, आणि जसजशी पुढे गेली तसतसं तिला कळत गेलं. इतकी वर्षं स्वतःला ऐकू यावं म्हणून ती तारा ओरबाडत आली होती. डाव्या हाताची बोटं इतकी दाबून बसायची, की सूर आपल्या जागेवरून वर सरकत होता. ज्या तारा वाजायला नकोत त्यांना गप्प करायची कधी गरजच पडली नव्हती, त्या आता एकदम बोलायला लागल्या. तो लांबवायचा सूर आला तो बेसूर, खडखडत, आणि लांबला मात्र भरपूर. ज्याची इतकी वाट पाहिली तो हा असा आला. नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली. अंबाडेवाल्याने हसतमुखाने हात पुढे करून बटण हळूच मागे फिरवलं. गिऱ्हाईक राखायची त्याची रीत होती ती.

"हेडफोन जरा चांगला बघून घे हं," नवरा म्हणाला.

तो प्रेमानेच म्हणाला असेल. तिला रडू आलं, ते तिने वायर गुंडाळता गुंडाळता गिळलं.

घेतला तो तिसराच. दिव्यांच्या आणि तयार आवाजांच्या ॲम्पमध्ये तिच्या हाताचा दोष सहज झाकला गेला असता, अंबाडेवाल्याने तसं सुचवलंही. तिने मान हलवली. दवाखान्यात हाच तमाशा ती नेहमी बघायची. वर्षानुवर्षं बोळक्याने चावणाऱ्या म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली की तो पहिल्याच दिवशी अशा जोराने चावतो की हिरडी सोलवटते. मग येऊन तिच्यावरच डाफरतो, दात चुकलेत म्हणून. ती सांगायची, "आजोबा, दात बरोबर आहेत. जबडा अजून जुन्याच सवयीने चावतोय. हळूहळू घ्या." लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता स्वतःची पाळी आली होती.

घरी आल्यावर ती हळूहळू घ्यायला लागली. रोज दार लोटायचं, हेडफोन लावायचा आणि हात हलका करायचा. झोपलेल्या बाळाच्या कपाळाला ताप बघायला हात लावतात तेवढंच तारेला लागायचं. सुरुवातीला राग यायचा. जोरात वाजवायची सवय मोडायला जोर लावून चालत नाही, आणि तिच्याकडे तर मुख्यतः तोच होता. पण दिवस गेले तशी बोटं सैलावली. नको त्या तारा गप्प बसायला शिकल्या. आणि एका संध्याकाळी तो मधला सूर लागला. लागला आणि राहिला. ती काही न करता बसून होती आणि तो कानांत भरून होता, मनात ऐकला होता त्याहून थोडा साधा, थोडा खालचा, पण खरा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग तिने हेडफोन काढून पुन्हा तोच सूर छेडला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. आता हात इतका हलका झाला होता, की पूर्वीचं ते खरखरणंसुद्धा उरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी आलेला सूर तिच्या कानांत आला आणि कानांतच राहिला.

त्या दिवशी ती उठून दारापर्यंत गेली. नवरा पेपर घेऊन बसला होता. बोलवावं, असं ओठांवर आलं. पण दुकानातली ती आठी आठवली आणि ती परत फिरली. नंतरही असं पुष्कळदा झालं. दुकानातला प्रसंग परवडला, तिथे निदान तिचा हात वाईट होता. आता चांगला वाजणारा सूर ऐकून त्याने आठी घातली असती तर मागायला काही उरलंच नसतं.

पुढे एकदा जेवताना नवरा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला.

"बरी आहेस ना?"

"का हो? मला काय झालंय?"

"नाही, गिटार सोडलीस म्हणून विचारलं. एवढं खोकं हौसेने घेतलं, आणि तेव्हापासून बंदच."

"बंद कुठे? रोज वाजवते की."

"मग ऐकू कसं येत नाही?"

"हेडफोन लावते ना! तुम्हीच म्हणालात, कुणाला त्रास नको."

"अगं, ते मी शेजाऱ्यांचं म्हणत होतो." त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "मी काय शेजारी आहे?"

"आणि दुकानात तोंड वाकडं केलंत ते?"

"वाकडंच वाजत होतं की! लिफ्टचं दार अडकावं तसं. घरी कसं छान वाजायचं."

"घरी?" तिला हसावं की रडावं कळेना. "घरी काय ऐकू यायचं तुम्हाला? नुसती टकटक."

"टकटक तर टकटक. मी दुसरं काय ऐकतो दिवसभर?"

त्याने डाव्या हाताचं बोट टेबलावर टेकवलं आणि वाजवायला सुरुवात केली. सूर नव्हते, नुसते ठोके. पण चाल तीच होती, वळणांसकट, जिथे ती घाई करायची तिथल्या घाईसकट. ठोके मधोमध आले आणि त्याचं बोट हवेत थांबलं.

"इथे तू थांबायचीस," तो म्हणाला. "रोज. मग मी पेपर खाली घ्यायचो. मला वाटायचं, आता इथे काहीतरी येणार. काही यायचंच नाही. मग एकदम पुढचं सुरू व्हायचं. किती वर्षं झाली, मला कधी कळलं नाही." त्याने बोट मागे घेतलं. "तिथे काय असतं गं?"

हात तसेच उष्टे होते. ती उठली, हात धुतले, मुलीच्या खोलीत गेली आणि दार सताड उघडं ठेवलं. तोही मागोमाग आला आणि पलंगाच्या कडेवर परक्या घरी बसावं तसा अंग चोरून बसला. तिने ॲम्पमधून हेडफोनची वायर उपटली.

पहिलीच तार जुन्या सवयीने जोरात छेडली गेली आणि सुरुवात बिघडली. ती थांबली. तो म्हणाला, "असू दे, पुन्हा घे." तिने पुन्हा घेतली. हलक्या हाताने, जशी शिकली होती तशी. घर छोटं होतं, आवाज त्याला पुरला आणि उंबऱ्याबाहेर थोडा सांडलाही असेल. चाल मधोमध आली. तिने तार छेडली आणि बोट तिथेच राहू दिलं.

नवऱ्याने डोळे मिटले होते. सूर बराच वेळ राहिला, मग विरत गेला, अगदी संपत आला, तरी तिने पुढचा सूर लगेच घेतला नाही.